रिंजानीच्या पोटात

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीची सगळी मंडळी, खुर्च्या मिळालेले आणि खुर्च्या न मिळाल्यामुळे टाकीच्या कट्ट्यावर बसलेले सभासदहो, नमस्कार.

मला सांगितलंय की वीस मिनिटं बोलायचं, मग फोटो दाखवायचे आणि नऊच्या आत संपवायचं, कारण नऊ वाजता खाली पावभाजीचा तवा तापणार आहे. मी पालिकेच्या पाणीखात्यात पस्तीस वर्षं काढली. वेळेवर सोडणं आणि वेळेवर बंद करणं, एवढंच आयुष्यभर केलंय. तेव्हा काळजी नको.

एक अट मात्र श्रोत्यांतल्याच एकाने घातली आहे. या गोष्टीत माझा एक मित्र आहे. तो म्हणाला, "सांगायचं तर सगळं सांग, पण माझं नाव घेऊ नकोस." म्हणून मी त्याला सी-३०२ म्हणणार आहे. आता तुम्ही सगळे वळून त्याच्याकडे बघताय, त्याला माझा इलाज नाही.

सोसायटी रजिस्टर झाली त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही सात जण राजमाचीला गेलो होतो. जुन्या लोकांना आठवत असेल, परत आल्यावर लिफ्टमध्ये चिखल केला म्हणून पहिल्याच जनरल बॉडीत आमच्यावर ठराव आणायचा बाकी ठेवला होता. त्या सातांपैकी कोणी मुलांकडे परदेशी गेले, एक गेलेच, बाकीच्यांनी गुडघे आणि पाठी यांच्यापुढे हात टेकले. डोंगर चढणारे उरलो दोघं. मी आणि सी-३०२.

त्याच्या डोक्यात हे रिंजानीचं खूळ फार वर्षांपासून होतं. इंडोनेशियात बालीच्या शेजारी, पूर्वेला, लोम्बोक नावाचं बेट आहे. बालीला आपल्याकडची निम्मी हनिमूनची जोडपी जाऊन येतात, पण पलीकडे फार कोणी जात नाही. त्या बेटावर रिंजानी हा जिवंत ज्वालामुखी आहे. उंची ३७२६ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी वर ४३४ मीटर शिल्लक राहतात. डोंगर आहे, त्याच्या पोटात तळं आहे, तळ्याकाठी गरम पाण्याचे झरे आहेत, आणि पायथ्याशी धबधबे. सी-३०२ म्हणायचा, "सगळं एकाच तिकिटात."

पण त्याला निघता येत नव्हतं. वहिनींचं आजारपण तुम्हाला माहीत आहे. त्या आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत आणि हे बोलायला त्यांचीच परवानगी आहे. चोवीस तास घरात माणूस लागतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बहीण आठ दिवस येऊन राहायला तयार झाली. सी-३०२ रात्री साडेदहाला माझ्या दारात उभा. म्हणाला, "आठ दिवस मिळालेत. पुन्हा मिळतील असं वाटत नाही. येतोस?"

मी हो म्हटलं. माझी मुलगी म्हणाली, मीही येते. आणि इथे मी पहिली चूक केली. त्याआधी महिनाभर माझा उजवा गुडघा दुखत होता. गुपचूप एमआरआय काढला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गादी फाटली आहे, उंच पायऱ्या आणि उतार टाळा. तो रिपोर्ट मी घरी मेंटेनन्सच्या पावत्यांच्या फायलीत ठेवून दिला. ती फाईल आमच्या घरात माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. तुमच्याही घरी तसंच असणार.

तर प्रवास. मुंबईहून बाली विमानाने, आणि बालीच्या पाडांगबाई बंदरातून लोम्बोकच्या लेंबार बंदरात मोठ्या बोटीने. चार-पाच तास लागतात. मधली सामुद्रधुनी रुंदीला काही फार नाही, हवा स्वच्छ असली तर पलीकडचा डोंगर दिसतो. पण खोल आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा बाली आशिया खंडाला जोडली गेली होती, लोम्बोक मात्र पाण्यापलीकडेच राहिलं. आल्फ्रेड वॉलेस नावाचा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५६ साली हेच अंतर ओलांडून गेला आणि चकित झाला. बालीत आशियातले पक्षी, आणि इकडे लोम्बोकमध्ये एकदम पांढरे काकाकुवे, ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे. त्यावरून पुढे नकाशावर जी रेघ मारली गेली तिला वॉलेस रेषा म्हणतात. आम्ही ती रेषा डेकवर बसून शेंगदाणे खात ओलांडली. काकाकुवा काही दिसला नाही.

लोम्बोकमध्ये राहतात ते सासाक लोक, बहुतेक मुसलमान. भाषा कळत नाही, पण मधूनच ओळखीचा शब्द कानावर पडतो. भाषेला ते 'बहासा' म्हणतात. रिंजानीच्या पोटातल्या तळ्याचं नाव 'सेगारा आनाक'. सेगारा म्हणजे आपला सागर, आनाक म्हणजे मूल. सागराचं लेकरू. आणि सासाक भाषेत पाण्याला म्हणतात 'ऐक'. मराठी माणसाला वाटतं कोणीतरी दटावतंय. मला तेव्हाच दटावायला हवं होतं.

चढाई सेंबालुन गावातून सुरू होते. गाव साधारण ११५० मीटरवर, भोवती भाजीचे मळे. आमच्याबरोबर एक गाईड आणि तीन हमाल. त्यांचं सामान वाहणं बघण्यासारखं आहे. खांद्यावर बांबू, त्याच्या दोन टोकांना दोन टोपल्या, आपल्या कावडीसारख्या. टोपल्यांत तंबू, पाणी, तांदूळ, अंडी, गॅस, केळी. पायांत बहुतेकांच्या रबरी चपला. आम्ही मात्र महागाचे बूट, काठ्या, गुडघ्याला पट्टा. पट्टा मी पँटच्या आत घातला होता.

पहिले तीन-चार तास नुसता गवताळ माळ. उन्हात अंग भाजतं. मग एकामागून एक टेकड्या लागतात. एक चढली की वाटतं आलंच, तर तिच्यामागे दुसरी. तिथले लोकच त्यांना 'बुकित पेन्येसालान' म्हणतात, पश्चात्तापाच्या टेकड्या. गाईड दर दहा मिनिटांनी एकच मंत्र म्हणायचा, "पेलान-पेलान." हळूहळू. संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुरूच्या झाडांमधून वर आलो आणि समोरची जमीनच संपली.

ते दृश्य कसं सांगू? माथेरानच्या पॉइंटवर कठड्याशी उभे आहात असं समजा. पण समोर दरी नाही, मैलोगणती पसरलेली एक वाटी आहे. वाटीच्या तळाशी चंद्रकोरीच्या आकाराचं निळं तळं, आणि तळ्यातूनच वर आलेला एक काळा, धुरकट सुळका. त्याचं नाव बारुजारी. हा तरुण ज्वालामुखी. २०१५च्या नोव्हेंबरात यानेच राख उडवली आणि बालीचा विमानतळ बंद पडला. आम्ही उभे होतो ती कडा २६३९ मीटरवर. शिखर डाव्या हाताला, अजून हजार मीटर वर.

ही वाटी कशी झाली ते ऐका. रिंजानीच्या शेजारी पूर्वी समालास नावाचा दुसरा पर्वत होता. १२५७ साली तो फुटला. साधासुधा नाही, गेल्या काही हजार वर्षांतल्या सगळ्यांत मोठ्या स्फोटांपैकी एक. डोंगर आत कोसळला आणि ही वाटी उरली. गंमत अशी की, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात त्या स्फोटाच्या गंधकाचा थर शास्त्रज्ञांना कधीच सापडला होता, पण फुटलं कुठे ते कळत नव्हतं. २०१३ साली पत्ता लागला. आणि त्या शोधात उपयोगी पडलं काय, तर ताडपत्रावर लिहिलेली 'बाबाद लोम्बोक' नावाची जुनी बखर. तिच्यात पामातान नावाचं नगर गाडलं गेल्याचं लिहिलेलं आहे. ते नगर अजून सापडलेलं नाही. तेव्हा आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं, ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायला अजून वेळ होता. मी गाईडला विचारलं, तुमच्यात ही गोष्ट सांगतात का? तो म्हणाला, "आम्हाला २०१८ पुरे आहे." त्या वर्षी २९ जुलैला भूकंप झाला तेव्हा डोंगरावर पाचशेहून जास्त लोक अडकले. दरडी कोसळून वाटा बंद झाल्या. पाच ऑगस्टला त्याहून मोठा धक्का बसला, त्यात बेटावर पाचशेच्या वर माणसं गेली. आमच्या गाईडचं घर त्या दुसऱ्या धक्क्यात पडलं. कित्येक महिने तो बायकापोरांसह ताडपत्रीखाली राहिला. हे सगळं तो भजी तळता तळता सांगत होता. केळ्याची भजी. सी-३०२ शाकाहारी, म्हणून त्याच्यासाठी वेगळ्या कढईत.

कड्यावर कचरा फार आहे, तेही सांगतो. प्लास्टिकच्या बाटल्या, नूडल्सची पाकिटं, आणि त्यावर टपून बसलेली माकडं. इथे ओला-सुका वेगळा करायला सांगून मी तुमचा वाईटपणा घेतला, तिथे कोणाला सांगणार.

आता त्या रात्रीकडे येतो.

दोन वाजता उठलो. थंडी म्हणजे बोटं बधिर. डोक्याला दिवे बांधून निघालो. गाईड पुढे, मग माझी मुलगी, मग मी, मागे सी-३०२. आधी उभी चढण, मग लांब धार, आणि शेवटचा टप्पा नुसत्या राखेचा आणि खडीचा. पाय टाकला की खाली घसरतो. दोन पावलं चढायची, एक परत द्यायचं. कर्जाच्या पहिल्या वर्षांच्या हप्त्यासारखं. प्रत्येक घसरणीला गुडघा आतून पिळवटत होता. पाचच्या सुमाराला तो अडकला. सरळ होईना. मुलीच्या घड्याळात उंची होती ३४१० मीटर. शिखर ३१६ मीटर वर. वरच्या लोकांच्या दिव्यांची माळ दिसत होती.

सी-३०२ने विचारलं, "काय होतंय?"

आणि मी म्हणालो, "दम लागलाय. डोकं जड झालंय."

का म्हणालो? मुलगी ऐकत होती म्हणून. गुडघा म्हटलं असतं तर एमआरआय निघाला असता, एमआरआय निघाला असता तर घरी महाभारत. दम लागणं कसं, कोणालाही लागतो. त्यात कमीपणा नाही.

पण सी-३०२ हिमालयात जाऊन आलेला माणूस. त्याने उंचीचा त्रास होऊन माणसं कशी हातची जातात ते जवळून पाहिलेलं. त्याने माझ्या तोंडावर दिवा धरला. "मळमळतंय?"

मी म्हटलं, "थोडं."

तो एक 'थोडं' मला अजून टोचतो. सी-३०२ एक सेकंद वर बघत राहिला. मग गाईडला म्हणाला, "तू मुलीला घेऊन वर जा. मी याला खाली नेतो. उंचीचा त्रास असेल तर याला एकट्याने सोडायचं नाही आणि थांबूही द्यायचं नाही." माझी मुलगी खाली यायला निघाली होती, त्याने तिला ओरडून वर पाठवलं.

उतरताना उजाडलं. मागे शिखरावर ऊन पडलं होतं. तो एकदाही मागे वळला नाही, माझ्या पायांकडे बघत होता. मी लंगडत होतो ते त्याला अशक्तपणामुळे वाटलं.

तंबूत आल्यावर तासाभरात मला 'बरं' वाटायला हवंच होतं, कारण उंचीचा त्रास खाली आलं की जातो. मी चहा घेतला, भात खाल्ला, म्हटलं, "एकदम ठीक." साडेनऊला मुलगी शिखरावरून आली, चेहरा उन्हाने लाल, डोळे चमकत होते. गाईड म्हणाला, पुढे आत तळ्याकडे उतरायचं की आल्या वाटेने सेंबालुनला परत? सी-३०२ माझ्याकडे बघायला लागला. त्या वेळी तोंड उघडायचं होतं. सेंबालुनची वाट सोपी. पण एकदा 'एकदम ठीक' म्हणून बसलो होतो. शिवाय तळं ६०० मीटर खाली, म्हणजे उंचीच्या त्रासाला उलट चांगलंच. माझ्याच थापेने मला ज्वालामुखीच्या पोटात ढकललं.

तो उतार म्हणजे खडक, लोखंडी कठडे, कुठे कुठे गुडघाभर उंचीच्या पायऱ्या. डॉक्टरांनी जे जे टाळायला सांगितलं होतं ते सगळं ओळीने मांडून ठेवलेलं. लोक तीन तासांत उतरतात, मला सहा लागले. अर्ध्यावर मला सॅकही पेलवेना. तेव्हा एका हमालाने काय केलं, स्वतःची कावड घेऊन तो तळ्यापर्यंत उतरला, ती खाली ठेवली, परत वर आला आणि माझी सॅक घेऊन पुन्हा उतरला. त्याने मला वय विचारलं. मी म्हटलं साठ. तो म्हणाला, "मी पंचावन्न," आणि हसला. "पेलान-पेलान."

तळ्याकाठी पोचलो तेव्हा गावातली पोरं गळ टाकून बसली होती. तळ्यात माणसांनी सोडलेले मासे आहेत. बालीच्या हिंदूंना हे तळं पवित्र आहे, ते तिथे येऊन पाण्यात सोनं अर्पण करतात. सासाक लोकही मोठ्या श्रद्धेने येतात, विशेषतः गरम झऱ्यांवर, दुखणी बरी व्हावीत म्हणून. तळ्याचं पाणी ज्या एका बाजूने बाहेर पडतं, तिथेच ते झरे आहेत. 'ऐक कलक', गरम पाणी. आमच्या भाषेत सांगायचं तर एवढ्या मोठ्या टाकीला एकच ओव्हरफ्लो, आणि त्या ओव्हरफ्लोच्या शेजारी गिझर.

आपल्याकडे वज्रेश्वरी, गणेशपुरीची कुंडं तुम्ही पाहिली आहेत. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत अशी कुंडं आहेत. पुष्कळांना वाटतं तीही ज्वालामुखीची. तसं नाही. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच थंड झाला. आपल्याकडे पावसाचं पाणी भेगांतून फार खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. रिंजानीला तसं नाही. तिथे खालची चूल अजून पेटलेली आहे. खडक पिवळे-नारिंगी झालेले, गंधकाचा वास, एका कुंडातून दुसऱ्यात पडणारं पाणी. वरचं हाताला सोसत नाही, खालचं अंगाला बरं वाटतं.

आम्ही तिघं खालच्या कुंडात पाय सोडून बसलो. अंधार पडत होता. मी पट्टा सोडला. गुडघा नारळाएवढा झालेला. मुलीने बघितलं, सी-३०२ने बघितलं. लपवायला आता जागाच नव्हती. मी सगळं सांगितलं. एमआरआय, फाईल, सगळं.

सी-३०२ने एवढंच विचारलं, "म्हणजे डोकं दुखत नव्हतं?"

"नाही."

"मळमळत नव्हतं?"

"नाही."

तो म्हणाला, "गुडघा म्हणाला असतास तर तुला स्लीपिंग बॅगेत गुंडाळून खडकाच्या आडोशाला बसवला असता आणि दीड तासात वर जाऊन आलो असतो." मग त्याने पाण्यातून पाय काढले, टॉवेलने नीट पुसले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, बूट चढवले आणि तंबूकडे गेला. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, काकांना हे आठ दिवस कसे मिळालेत माहितीये ना तुम्हाला?" आणि तीही गेली. मी त्या गरम पाण्यात एकटा बसून राहिलो. डोंगराच्या पोटातून बाहेर पडायचं तर एक तर ६०० मीटर वर चढून दुसऱ्या कड्यावरून सेनारू गावात उतरायचं, नाहीतर आल्या वाटेने.

गाईडने तिसरी वाट काढली. तळ्यातून निघणाऱ्या नदीचं नाव 'कोकोक पुतिह', पांढरी नदी. तिच्या दरीतून तोरेआन नावाच्या गावाला वाट जाते. लांब आहे, पण चढ कमी. सकाळी निघालो.

मंडळी, मी आयुष्यभर पाणी बघितलंय, पण ती दरी बघितली नव्हती. दोन्ही बाजूंना सरळ उभे हिरवे कडे, वर ढग, खाली ताकासारखं पांढरट पाणी, खनिजांमुळे. मधूनच ते पाणी कड्यावरून सरळ खाली उडी घेतं. वाटेजवळ एक गुहा आहे, आतून गरम वाफ येते. तिचं नाव 'गोआ सुसू'. गोआ म्हणजे आपली गुहाच, संस्कृतातून गेलेली. सुसू म्हणजे तिथे दूध. हसू नका, दूधच. आमच्याही तिघांत त्या दिवशी तेवढंच एक हसू झालं, तेही मुलीचं. सी-३०२ माझ्याशी दिवसभर बोलला नाही. शिड्या लागल्या तिथे मात्र तो माझ्या खाली उभा राहायचा आणि माझा पाय हाताने धरून पायरीवर ठेवायचा. डावा, उजवा, डावा, उजवा. तोंडातून शब्द नाही. तो पंचावन्न वर्षांचा हमाल आजही माझी सॅक मागे टाकून आलेल्या वाटेवर परत जात होता. किती वेळा, ते मी मोजायचं थांबवलं.

लोक सात-आठ तासांत ही वाट करतात. आम्हाला अंधार पडला. गाईडने गावात फोन करून दोन मोटरसायकली वाटेच्या तोंडाशी आणून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सेनारूला. तिथे दोन धबधबे. पहिला सेंदांग गिले, भरपूर पायऱ्या उतरून जावं लागतं. मी त्या बसत-बसत उतरलो, लहान मुलं जिन्यावरून उतरतात तसा. तुम्ही हसताय, पण सिमेंटच्या पायऱ्यांवर त्यासारखा सुरक्षित उपाय नाही. दुसरा तिऊ केलेप, अजून पुढे, जंगलातून, ओढ्यातून. वाटेत पाटाचा एक पक्का कालवा आहे, डोंगरातून बोगद्यातून नेलेला, खालच्या भातशेतीला पाणी देणारा. तो मला बघायचा होता, पण त्या दिवशी हट्ट करायची माझी लायकी नव्हती. मी पहिल्या धबधब्यापाशी तुषार खात बसलो. ती दोघं पुढे गेली.

तिऊ केलेपबद्दल तिथे समजूत आहे की त्याच्या मागे जाऊन अंघोळ केली की माणूस एक वर्षाने लहान होतो. दर वेळी एक वर्ष.

दोन तासांनी ती परत आली, नखशिखांत भिजलेली. सी-३०२ माझ्याशेजारी दगडावर बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मी तीन वेळा मागे जाऊन आलो. तीन वर्षं हातात आली. तेवढ्यात परत यायचं. तू यायचं नाहीस."

मी म्हटलं, "बरं."

"गुडघ्याचं ऑपरेशन करून घे."

"बरं."

"आणि त्या हमालाला काय दिलंस?"

मी दिलेलं सांगितलं. तो म्हणाला, "दुप्पट कर." सेनारूच्या चहाच्या टपरीवर जाऊन मी दुप्पट केलं.

ऑपरेशन झालं, तुम्ही सगळे बघायला आलात. एमआरआय आता फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेला असतो, आमच्या हिची शिक्षा. कोणाला जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. जानेवारी ते मार्च तिथे पावसामुळे वाटा बंद असतात, मे ते ऑक्टोबर बरा. परवाना आधी ऑनलाइन काढावा लागतो. गाईडशिवाय जाऊ नका. आणि वहिनींच्या बहिणीशी बोलणं चालू आहे, आठ दिवस पुन्हा जमतात का. ते जमले तर त्या दिवसांत बी विंग आणि सी विंगमधल्या कोणी कोणी दुपारी एकेक तास वहिनींकडे बसायचं, त्याचा कागद खाली नोटीस बोर्डाशेजारी लावला आहे. पहिलं नाव माझं आहे. पेनही दोरीने बांधून ठेवलंय.

आता फोटो. पहिले वीस-बावीस मी काढलेत, सेंबालुनपासून कड्यापर्यंत. त्यानंतरचे शिखरावरचे आहेत. ते मी पाहिलेलं नाही, सी-३०२नेही पाहिलेलं नाही. म्हणून तिथून पुढे माईक मी माझ्या मुलीकडे देतो. जिन्याजवळचे दिवे जरा बंद करा.